‘नीट’ परीक्षेचे बदललेले स्वरूप आणि आपले कर्तव्य



प्रस्तुत विषय रोगनिदानाचा नाही की औषधीकरणाचाही नाही. तथापि तो आपल्या चिकित्सालयात व औषधी दुकानात वारंवार येतो. मे-जून महिना आला की रुग्ण नाडी दाखविता दाखविता विचारतात, “वैद्यराज, मुलाला नीटला इतके गुण पडले, आयुर्वेदाला प्रवेश मिळेल का?” आपणही या क्षेत्रातले जाणकार म्हणून चटकन उत्तर देतो. ते उत्तर बरोबर असते का, असा प्रश्न आम्ही स्वतःला बरीच वर्षे विचारला नव्हता. तो विचारण्याची वेळ आमच्यावर आली, आणि या लेखाचे निमित्तही तेच आहे.

२०२५ च्या जून महिन्यात तालुक्याच्या गावातील एक औषधी विक्रेते आमच्याकडे आले. आमच्या चिकित्सालयातील चूर्णे व आसवारिष्टे त्यांच्याकडूनच येतात, त्यामुळे घरोबा जुना. त्यांच्या मुलाला ७२० पैकी ३३१ गुण मिळाले होते. “शेजारी म्हणतात, पन्नास हवेत. म्हणजे तीनशे साठ. पोरगं नापासच ना?” असे त्यांनी विचारले. आम्ही रुग्णांच्या गर्दीत होतो. बारावीला पन्नास टक्के लागतात हे डोक्यात पक्के होते. शिवाय आदल्या वर्षी ओळखीच्या एका मुलाला तेवढेच गुण असता तो यादीत फार खाली होता, हेही आठवत होते. “कठीण दिसते. पुन्हा एकदा बसवा,” असे आम्ही सांगून मोकळे झालो. त्यांनी प्रवेशासाठी नोंदणीच केली नाही. दिवाळीनंतर ते पुन्हा आले तेव्हा खरी स्थिती आमच्या ध्यानात आली, पण नोंदणीची मुदत केव्हाच टळली होती. त्या मुलाला प्रवेश मिळालाच असता असे आम्ही म्हणत नाही. परंतु रांगेत उभे राहण्याचा त्याचा हक्क होता, आणि आमच्या एका वाक्याने तो गेला.

ज्या द्रव्याचे गुणकर्म आपणांस ठाऊक नाहीत त्याची योजना आपण रुग्णावर करत नाही. सल्ल्याच्या बाबतीतही हेच पथ्य पाळावयास हवे. आमच्या उत्तरात दोन चुका होत्या. टक्के आणि पर्सेंटाइल यांतला भेद आम्ही विसरलो, ही पहिली. परीक्षेचे स्वरूप बदललेले असता दोन वर्षांच्या गुणांची आम्ही थेट तुलना केली, ही दुसरी. या दोन्ही चुका आपल्यापैकी कोणाकडून पुन्हा होऊ नयेत, यासाठी या परीक्षेचा पूर्वेतिहास, बदल आणि त्यांचे परिणाम क्रमाने मांडतो.

१. पूर्वपीठिका

आपल्यातील ज्येष्ठ मंडळींनी बारावीच्या गुणपत्रिकेवर प्रवेश घेतला. त्यानंतरच्या पिढीने राज्याची सामायिक प्रवेश परीक्षा दिली. संपूर्ण देशासाठी एकच परीक्षा असावी या विचाराने भारतीय वैद्यक परिषदेने डिसेंबर २०१० मध्ये अधिसूचना काढली आणि ५ मे २०१३ रोजी पहिली ‘नीट’ झाली. त्याच वर्षी १८ जुलै रोजी सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने ती योजना रद्द ठरविली. पुढे ११ एप्रिल २०१६ रोजी न्यायालयाने तो निर्णय मागे घेतला आणि परीक्षा पुन्हा लागू झाली. त्या वर्षी १ मे व २४ जुलै अशा दोन टप्प्यांत ती घेण्यात आली. ऐनवेळी झालेल्या या बदलाने महाराष्ट्रातील विद्यार्थ्यांची किती तारांबळ उडाली हे अनेकांना स्मरत असेल. अखेर केंद्र सरकारच्या अध्यादेशामुळे राज्यांना त्या एका वर्षापुरती आपल्या परीक्षेवर प्रवेश देण्याची मोकळीक मिळाली.

आयुर्वेदाच्या पदवी प्रवेशाचा प्रश्न यानंतर आला. भारतीय चिकित्सा केंद्रीय परिषदेने ७ डिसेंबर २०१८ च्या दुरुस्तीने २०१९-२० या शैक्षणिक वर्षापासून बी.ए.एम.एस. प्रवेशासाठी ‘नीट’मधील किमान पर्सेंटाइल बंधनकारक केले. काही खाजगी महाविद्यालयांच्या संघटनेने त्यास आव्हान दिले. आयुर्वेदासाठी एवढ्या कसोटीची गरज नाही, असा त्यांचा युक्तिवाद होता. सर्वोच्च न्यायालयाने २० फेब्रुवारी २०२० रोजी तो फेटाळला. आयुर्वेदाचा पदवीधरही रुग्णाची चिकित्सा करतो, म्हणून प्रवेशाची किमान पातळी त्यालाही लागू असली पाहिजे, असा त्या निर्णयाचा आशय आहे. आमच्या मते हा आपल्या शास्त्राचा सन्मान आहे. पुढे २०२० च्या भारतीय चिकित्सा पद्धती राष्ट्रीय आयोग अधिनियमात पदवी प्रवेशासाठी एकसमान ‘नीट’ची तरतूद झाली.

२. प्रश्नपत्रिकेची रचना : तीन कालखंड

विषयवार गुणांचे प्रमाण या साऱ्या काळात बदललेले नाही. भौतिकशास्त्र १८०, रसायनशास्त्र १८० आणि जीवशास्त्र (वनस्पतिशास्त्र व प्राणिशास्त्र मिळून) ३६०, असे एकूण ७२० गुण. बरोबर उत्तरास ४ गुण, चुकीच्या उत्तरास १ गुण वजा, न सोडविलेल्या प्रश्नास शून्य. बदलली ती प्रश्नांची संख्या, निवडीची मुभा आणि वेळ.

पहिला कालखंड, २०१३ ते २०२० : एकूण १८० प्रश्न, सर्व अनिवार्य, वेळ ३ तास. प्रत्येक प्रश्नास सरासरी ६० सेकंद.

दुसरा कालखंड, २०२१ ते २०२४ : महासाथीच्या काळात शाळा बंद होत्या आणि अनेक शिक्षण मंडळांनी अभ्यासक्रम कमी केला होता. कोणाचा कोणता भाग शिकवायचा राहिला हे सांगता येत नव्हते. म्हणून निवडीची मुभा आली. भौतिक, रसायन, वनस्पती व प्राणिशास्त्र या चारही भागांत ‘अ’ विभागात ३५ अनिवार्य प्रश्न आणि ‘ब’ विभागात १५ प्रश्न, त्यांपैकी कोणतेही १० सोडवावयाचे. म्हणजे समोर २०० प्रश्न, उत्तरे १८० ची. २०२१ मध्ये वेळ ३ तासच होता. सर्व २०० प्रश्न वाचून निवड करावयाची म्हटले तर एका प्रश्नास ५४ सेकंदच मिळत. २०२२ पासून वेळ २० मिनिटांनी वाढवून २०० मिनिटे करण्यात आला. त्यामुळे उत्तरे द्यावयाच्या प्रत्येक प्रश्नामागे सरासरी सुमारे ६७ सेकंद पडू लागले.

तिसरा कालखंड, २०२५ : परीक्षा घेणाऱ्या राष्ट्रीय परीक्षा संस्थेने २५ जानेवारी २०२५ रोजी जाहीर केले की, महासाथीच्या काळात दिलेली ऐच्छिक प्रश्नांची सवलत व वाढीव वेळ बंद करण्यात येत आहे. पुन्हा १८० प्रश्न, सर्व अनिवार्य, वेळ १८० मिनिटे. अभियांत्रिकीच्या जेईई मुख्य परीक्षेतील निवडीची मुभाही त्याच वर्षी गेली. ४ मे २०२५ रोजी या रचनेनुसार ‘नीट’ झाली. विद्यार्थ्यांच्या दृष्टीने एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. रचना पूर्वीचीच असली तरी २०२५ ला बसलेल्या मुलांनी अकरावी-बारावीत सरावासाठी पाहिलेल्या अलीकडच्या सर्व प्रश्नपत्रिका दुसऱ्या कालखंडातील होत्या. त्यामुळे वडिलांच्या दृष्टीने जे जुने, ते मुलाच्या दृष्टीने नवे होते.

३. या बदलाने नेमके काय घडते

समजा, एखाद्या मुलाचा भौतिकशास्त्रातील एक भाग कच्चा आहे आणि त्यावरील पाच प्रश्न त्याला येत नाहीत. ते पाचही ‘ब’ विभागात आले असते तर २०२४ मध्ये तो ते सोडून उरलेले दहा लिहू शकत होता आणि त्याचे काहीच नुकसान होत नव्हते. २०२५ च्या रचनेत तेच पाच प्रश्न म्हणजे २० गुणांची तूट. चारही भागांत असे पाच-पाच प्रश्न धरले तर ८० गुण. अर्थात, ‘अ’ विभागात पूर्वीही निवड नव्हती, त्यामुळे सर्वांनाच ८० गुणांचा लाभ होत होता असे समजू नये. पण कच्चा भाग झाकण्याची जी जागा होती ती आता उरली नाही, एवढे निश्चित.

दुसरा परिणाम वेळेचा. जीवशास्त्राचे प्रश्न बहुधा वाचून लगेच उत्तर देता येतील असे असतात. भौतिकशास्त्रात गणित मांडावे लागते. चांगला विद्यार्थी जीवशास्त्राचे ९० प्रश्न पाऊण ते एक तासात संपवून उरलेला वेळ इतर दोन विषयांना देतो. एकूण वेळातून २० मिनिटे गेली की ती जीवशास्त्रातून वाचविता येत नाहीत, भौतिकशास्त्रातूनच जातात. ज्या मुलाचे जीवशास्त्र उत्तम पण आकडेमोड मंद, त्याला हा बदल अधिक जाचतो. आयुर्वेदाकडे वळणाऱ्या मुलांत असे विद्यार्थी पुष्कळ असतात, असा आमचा अनुभव आहे.

तिसरा परिणाम अंदाजाने उत्तर देण्याविषयी. सर्व प्रश्न अनिवार्य झाल्यावर ‘न येणारा प्रश्न सोडावा की ठोकून द्यावा’ हा प्रश्न मुले हमखास विचारतात. त्याचे गणित सोपे आहे. चार पर्यायांपैकी डोळे मिटून एक निवडला, तर चार वेळांत सरासरी एकदा ४ गुण मिळतात आणि तीनदा प्रत्येकी १ गुण जातो. म्हणजे चार प्रश्नांमागे १ गुणाचा लाभ, प्रत्येकी पाव गुण. एक पर्याय निश्चित चूक म्हणून वगळता आला तर हा लाभ प्रत्येकी सुमारे पाऊण गुणाच्या जवळ जातो, आणि दोन वगळता आले तर दीड गुण होतो. तात्पर्य, काहीही ठाऊक नसता केलेला अंदाज जवळजवळ निरर्थक आहे, थोडे ज्ञान असता केलेला अंदाज उपयोगी आहे. ‘गुणवजावट आहे, शंका असेल तिथे हात लावू नको’ हा घरोघरी दिला जाणारा उपदेश म्हणूनच अर्धाच खरा आहे.

४. टक्के आणि पर्सेंटाइल

आता आमच्या मुख्य चुकीकडे येऊ. नियमात खुल्या प्रवर्गासाठी ५० व राखीव प्रवर्गांसाठी ४० पर्सेंटाइल अशी किमान पात्रता आहे. खुल्या प्रवर्गातील दिव्यांगांसाठी ती ४५ आहे. पर्सेंटाइल म्हणजे टक्के नव्हेत. टक्के हे प्रश्नपत्रिकेच्या तुलनेत मोजले जातात, पर्सेंटाइल इतर परीक्षार्थींच्या तुलनेत. २०० मुले परीक्षेस बसली आणि त्यांना गुणानुक्रमे ओळीने उभे केले, तर मध्यावर उभ्या असलेल्या मुलाचे पर्सेंटाइल ५०. त्याला ७२० पैकी किती गुण पडले याच्याशी त्याचा संबंध नाही. प्रश्नपत्रिका कठीण असेल तर मध्यावरच्या मुलाचे गुण खाली येतात, सोपी असेल तर वर जातात. पण तो मध्यावरच राहतो.

खुल्या प्रवर्गासाठी पात्रतेचा हा उंबरठा निरनिराळ्या वर्षी किती गुणांवर होता ते पाहा. २०१६ : १४५. २०१७ : १३१. २०१८ : ११९. २०१९ : १३४. २०२० : १४७. २०२१ : १३८. २०२२ : ११७. २०२३ : १३७. २०२४ : १६२. २०२५ : १४४. या दहा वर्षांत तो एकदाही १७० च्या वर गेला नाही. १४४ गुण म्हणजे ७२० चे अवघे २० टक्के. आमच्या मित्राचा मुलगा ३३१ गुणांवर होता. उंबरठ्याच्या दुपटीहूनही अधिक, आणि आम्ही त्याला नापास ठरविले.

२०२५ मध्ये सुमारे २२ लाख विद्यार्थी परीक्षेस बसले आणि १२ लाखांहून अधिक पात्र ठरले. पात्र विद्यार्थी निम्म्यांहून अधिक कसे, अशी शंका येईल. राखीव प्रवर्गांसाठी उंबरठा ४० पर्सेंटाइलवर असल्याने ही संख्या निम्म्यांच्या पुढे जाते, इतकेच.

येथे दुसऱ्या टोकाच्या गैरसमजापासूनही सावध करणे आवश्यक आहे. पात्र ठरणे म्हणजे प्रवेश मिळणे नव्हे. पात्रता हे केवळ रांगेत उभे राहण्याचे तिकीट आहे. जागा किती, त्या प्रवर्गातील विद्यार्थी किती, शासकीय महाविद्यालय हवे की खाजगी चालेल, यांवर प्रत्यक्ष प्रवेश ठरतो. ‘पात्र आहात, जागा आम्ही मिळवून देतो’ असे सांगत फिरणारे मध्यस्थ याच अज्ञानावर जगतात. त्यांच्याकडे जाण्यापूर्वी पालक बहुधा आपल्याकडे येतो, हे विसरू नये.

५. दोन वर्षांच्या गुणांची तुलना का करू नये

२०२४ मध्ये सुधारित निकालानंतरही १७ विद्यार्थ्यांना ७२० पैकी ७२० गुण होते. २०२५ मध्ये देशात पहिल्या आलेल्या विद्यार्थ्यास ६८६ गुण मिळाले. निवडीची मुभा गेली, वेळ घटला आणि त्यातच २०२५ चा भौतिकशास्त्राचा भाग कठीण होता, असे विद्यार्थी व शिक्षक यांचे सर्वसाधारण मत पडले. यांपैकी कोणत्या कारणाने गुण किती उतरले हे वेगळे काढता येत नाही. निष्कर्ष मात्र स्पष्ट आहे. २०२४ मधील ५०० गुण आणि २०२५ मधील ५०० गुण हे एकाच मापाचे नव्हेत. माप बदलल्यावर जुन्या मापाचा आकडा सांगणे म्हणजे तोळ्यात लिहिलेली मात्रा ग्रॅममध्ये वाचणे.

मग पालकास काय विचारावे? गुण विचारण्याऐवजी अखिल भारतीय क्रमांक विचारावा. गुण वर्षागणिक वर-खाली होतात, क्रमांकाचा अर्थ त्या मानाने स्थिर राहतो. गेल्या वर्षी अमुक महाविद्यालयात शेवटचा प्रवेश कोणत्या क्रमांकावर झाला हे प्रवेश फेऱ्यांच्या प्रसिद्ध याद्यांतून कळते. त्याच्याशी मुलाचा क्रमांक ताडून पाहिला तर अंदाज बऱ्याच अंशी खरा ठरतो.

६. अभ्यासक्रमातील बदल आणि आपले शास्त्र

स्वरूपाबरोबर अभ्यासक्रमही बदलला. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२४ च्या परीक्षेसाठी अभ्यासक्रमाची सुधारित यादी लावली. राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने २०२२ मध्ये पाठ्यपुस्तकांतून जे पाठ वगळले होते, त्यांपैकी बरेच या यादीतूनही गेले. त्यांत अकरावीचा ‘पचन व शोषण’ हा पाठ आहे, हे वाचून आपल्यापैकी अनेकांच्या भुवया उंचावतील. ज्या शास्त्रात अग्नीवर कायचिकित्सेची इमारत उभी आहे, त्या शास्त्राच्या वर्गात येणाऱ्या मुलाने अन्ननलिका, यकृत व अग्न्याशय यांचा स्पर्धात्मक अभ्यास केलेला असेलच असे नाही. प्रथम वर्षी क्रियाशारीर शिकविणाऱ्या प्राध्यापक मित्रांना आमची विनंती आहे की, हा भाग ‘मुलांना येतोच’ असे गृहीत न धरता दोन-चार तास देऊन तो मुळापासून शिकवावा, आणि मगच जाठराग्नी व धात्वग्नी यांकडे वळावे. पदवी अभ्यासक्रमाच्या आरंभी किमान पंधरा दिवसांचा जो संक्रमण अभ्यासक्रम असतो, त्यातही यासाठी जागा काढता येईल.

या परीक्षेत संस्कृत नाही, आणि आयुर्वेदाविषयीची आवड जोखण्याचे कोणतेही साधन नाही. याविषयी आपल्या संघटनेत अनेकदा खंत व्यक्त होते. ती रास्त आहे. तथापि परीक्षा जे मोजत नाही ते घडविणे हे महाविद्यालयाचे व आपणा ज्येष्ठांचे काम आहे. ‘मुलाला एम.बी.बी.एस. मिळाले नाही म्हणून आला’ असे त्याच्या तोंडावर म्हणण्याची आपल्याकडे एक वाईट चाल आहे. आपल्यातील कित्येक नामवंत वैद्यही असेच आले आणि पुढे या शास्त्राचे झाले.

७. पुढील बदलांची शक्यता

५ मे २०२४ च्या परीक्षेत प्रश्नपत्रिका फुटल्याच्या तक्रारी झाल्या. वाढीव गुणांवरून वाद होऊन १,५६३ विद्यार्थ्यांना दिलेले ते गुण रद्द झाले आणि २३ जून रोजी त्यांना पुनर्परीक्षेचा पर्याय मिळाला. संपूर्ण परीक्षा पुन्हा घेण्याची मागणी सर्वोच्च न्यायालयाने २३ जुलै २०२४ रोजी अमान्य केली. याच काळात भारतीय अंतराळ संशोधन संस्थेचे माजी प्रमुख के. राधाकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली सात सदस्यांची समिती नेमण्यात आली. तिने संगणकीय व एकाहून अधिक टप्प्यांतील परीक्षेचा विचार सुचविला. २०२५ ची परीक्षा मात्र पूर्वीप्रमाणे कागदावर, ओएमआर उत्तरपत्रिकेवर व एकाच सत्रात झाली. यावरून एवढेच घ्यावयाचे की, हे स्वरूप कायमचे नाही. ज्या वर्षीचा विद्यार्थी, त्या वर्षीची माहितीपुस्तिका हेच प्रमाण मानावे. ऐकीव माहिती, क्लासचे पत्रक आणि गतवर्षीचा अनुभव ही सर्व दुय्यम प्रमाणे.

८. आपण काय करावे

आपल्याकडे येणाऱ्या पालक-विद्यार्थ्यांस सांगण्याजोग्या गोष्टी थोडक्यात पुढे देत आहोत. चिकित्सालयात वा दुकानात त्या लावून ठेवल्या तरी चालेल.

(१) सराव करताना त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेत दिलेली प्रश्नसंख्या व वेळ पाळावी. २०२१ ते २०२४ च्या प्रश्नपत्रिका सरावास घेतल्यास ‘ब’ विभागातील निवड विसरून पंधराही प्रश्न सोडवावेत. २०२० पूर्वीच्या प्रश्नपत्रिका रचनेच्या सरावास चांगल्या, मात्र त्यांतील वगळलेले पाठ तपासून घ्यावेत.

(२) कोणताही पाठ ‘ऐच्छिकात सोडू’ म्हणून मागे टाकू नये. कच्च्या पाठातील किमान सोपे प्रश्न तरी सुटतील इतकी तयारी करावी.

(३) उत्तरपत्रिकेतील वर्तुळे शेवटी एकदम भरण्याची सवय घातक आहे. सरावातही वेळ लावून वर्तुळे भरावीत.

(४) मराठीतून प्रश्नपत्रिका निवडता येते. ती महाराष्ट्रातील केंद्रांवर मराठी-इंग्रजी अशी द्विभाषिक मिळते. अर्थाविषयी वाद झाल्यास इंग्रजी पाठ ग्राह्य धरला जातो, म्हणून मराठी माध्यमाच्या मुलांनी शास्त्रीय संज्ञा दोन्ही भाषांत ओळखीच्या करून घ्याव्यात.

(५) बारावीत भौतिक, रसायन व जीवशास्त्र या विषयांत खुल्या प्रवर्गास ५० टक्के व राखीव प्रवर्गास ४० टक्के गुण लागतात. येथे टक्केच आहेत. ‘नीट’मध्ये पर्सेंटाइल आहे. दोन्हींची गल्लत करू नये. आम्ही केली होती.

(६) ‘नीट’चा अर्ज हा प्रवेशाचा अर्ज नव्हे. निकालानंतर राज्यातील जागांसाठी राज्य सामायिक प्रवेश परीक्षा कक्षाकडे, आणि शासकीय व अनुदानित महाविद्यालयांतील अखिल भारतीय १५ टक्के जागांसाठी आयुष केंद्रीय प्रवेश समुपदेशन समितीकडे, अशी स्वतंत्र नोंदणी करावी लागते. गुण कमी वाटले तरी, मूल पात्र असेल तर नोंदणी अवश्य करावी. नोंदणी करून जागा न मिळाल्यास फारसे काही जात नाही. नोंदणीच न केल्यास वर्ष जाते.

(७) जातीचा दाखला, जात वैधता, नॉन-क्रीमीलेयर, अधिवास इत्यादी कागदपत्रांची जुळवाजुळव परीक्षेपूर्वीच करावी. निकालानंतर तहसील कचेरीत रांगा लागतात आणि मुदत थांबत नाही.

समारोप

आमच्या त्या औषधी विक्रेते मित्रांशी आमचा व्यवहार व घरोबा पूर्ववत आहे. त्यांनी आम्हांस दोष दिला नाही. “तुम्ही मुद्दाम थोडंच सांगितलं, वैद्यराज,” असे म्हणून त्यांनी विषय मिटविला. पण मुलगा त्या दिवशी काउंटरमागे उभा राहून बाटल्यांवर चिठ्ठ्या डकवीत होता आणि आमच्याकडे पाहत नव्हता. त्याने पुन्हा परीक्षा देण्याचे ठरविले तेव्हा भौतिकशास्त्राच्या सरावासाठी जुन्या प्रश्नपत्रिका शोधून, त्यांतील वगळलेल्या पाठांवर खुणा करून, आम्ही स्वतः त्याला नेऊन दिल्या. एवढेच आमच्या हाती होते.

रुग्णाच्या बाबतीत संशय असेल तर आपण ग्रंथ उघडतो, ज्येष्ठांना विचारतो, वा दुसऱ्या दिवशी येण्यास सांगतो. कोणाच्या मुलाच्या भवितव्याचा प्रश्न समोर आला तर तेवढीच सावधगिरी आपण बाळगावी. “उद्या पाहून सांगतो” या तीन शब्दांत वैद्याचा कमीपणा नाही. हा लेख वाचून एका जरी मुलाची नोंदणी वेळेत झाली, तर लिहिल्याचे सार्थक झाले असे आम्ही मानू.

इत्यलम्.